फुप्फुसाचा कर्करोग : शस्त्रक्रियेपूर्वीच्या तपासण्या

फुप्फुसात गाठ असल्याचे कळले, की रुग्णाचे नातेवाईक विचारतात, "डॉक्टर, ऑपरेशन कधी?" देणगीदारांचा प्रश्न निराळा असतो : एकाच रोगासाठी इतकी यंत्रे कशाला? दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकच आहे. गाठ कशी काढावी हे ठरविण्याआधी ती काढावी की नाही, हे ठरवावे लागते.

साध्या एक्स-रेमध्ये हृदय, बरगड्या व फुप्फुसे यांच्या सावल्या एकमेकींवर पडतात. गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या सी.टी. यंत्राने १९७१ साली इंग्लंडमध्ये पहिल्या रुग्णाची तपासणी झाली आणि शरीराचे आडवे छेद पाहणे शक्य झाले. उजव्या फुप्फुसाचे तीन खंड, डाव्याचे दोन. गाठ कोणत्या खंडात आहे, मुख्य रक्तवाहिनीला चिकटली आहे काय, हे सी.टी. वरून बऱ्याच अंशी समजते. फुप्फुसाच्या कडेची, दोन सेंटिमीटरपर्यंतची गाठ असल्यास निवडक रुग्णांत संपूर्ण खंड न काढता त्याचा उपखंड काढणे पुरते, असे जपानमधील अभ्यासाने २०२२ मध्ये दाखवून दिले. त्यासाठी प्रत्येक रुग्णाच्या रक्तवाहिन्यांची रचना आधीच ठाऊक असावी लागते. ती सर्वांची सारखी नसते.

पेट-सी.टी. मध्ये किरणोत्सारी फ्लोरिन जोडलेली साखर शिरेवाटे देतात. कर्करोगाच्या पेशी ती अधिक शोषतात व प्रतिमेत उजळ दिसतात. दोन फुप्फुसांच्या मधल्या जागेतील लसिकाग्रंथी उजळल्या, तर रोग पसरल्याचा संशय येतो आणि शस्त्रक्रियेचा विचार बहुधा मागे पडतो. आपल्याकडे खरा पेच येथे आहे. क्षयाने सुजलेल्या ग्रंथीही अशाच उजळतात! केवळ चित्र पाहून शस्त्रक्रिया नाकारली, तर बरा होऊ शकणारा रुग्ण ती संधी गमावतो; चित्राकडे दुर्लक्ष केले, तर निरुपयोगी शस्त्रक्रियेचे कष्ट त्याच्या वाट्याला येतात. म्हणून श्वासनलिकेत दुर्बीण घालून, सोनोग्राफीच्या साहाय्याने सुईने ग्रंथीचा नमुना घेतात. अहवाल येईपर्यंतचे दिवस घरच्यांना फार जड जातात, याची आम्हांस जाणीव आहे. तरीही ही तपासणी टाळू नये, असे मी आग्रहाने सांगेन.

मेंदू मुळातच पुष्कळ साखर वापरतो. तेथे पसरलेली गाठ पेटमध्ये झाकली जाऊ शकते. त्यासाठी गरजेप्रमाणे एम.आर.आय. करतात.

उरलेले फुप्फुस पुरेल का, हाही प्रश्न असतोच. दीर्घकाळ विडी ओढलेल्या किंवा चुलीच्या धुरात वावरलेल्या रुग्णाची फुप्फुसे आधीच दुबळी असू शकतात. श्वासक्षमतेच्या चाचणीबरोबर, कोणत्या भागास किती रक्त पोहोचते हे दाखविणारा स्कॅन केला, तर शस्त्रक्रियेनंतरच्या क्षमतेचा अंदाज बांधता येतो.

नातेवाइकांना एक विनंती : घरी जुने एक्स-रे असतील, तर ते फेकू नयेत, सोबत आणावेत. पूर्वीच्या क्षयाचा व्रण आणि नवी गाठ यांतला भेद कित्येकदा त्या जुन्या फिल्मवरूनच उलगडतो.