डिकीतली बॅटरी आणि वीतभर नळी

प्रश्न : मी रामनगरला (ता. जोयडा) राहतो. गेल्या दिवाळीत जुनी बीएमडब्ल्यू ३ सीरिज घेतली. पावसाळ्यात तिची बॅटरी बसली. मेकॅनिकनं बॉनेट उघडलं तर तिथं बॅटरीच नाही, ती डिकीत निघाली. तशीच नवी महाग पडते म्हणून त्यानं मापात बसणारी दुसरी, जवळजवळ निम्म्या किमतीची बसवली. जुन्या बॅटरीला एक बारीक काळी नळी जोडलेली होती. नवीला ती लावायला जागाच नव्हती. ‘ही मेंटेनन्स फ्री आहे, हिच्यातून गॅस येत नाही,’ असं म्हणून त्यानं नळी तशीच सोडून दिली. आता कारवारहून अणशी घाट चढून येईपर्यंत गाडीत सडक्या अंड्यांसारखा वास भरतो. परवा मागं बसलेल्या मुलीचं डोकं दुखायला लागलं. हे बॅटरीमुळं असेल का? आणि बदलायची तर कोणती घ्यावी?
– एक वाचक

उत्तर : बॅटरीमुळंच असण्याची शक्यता मोठी आहे, म्हणून पुढचं वाचण्याआधी गाडी अंगणात उघड्यावर काढा. काचा खाली घ्या, डिकी उघडी ठेवा. बॅटरी बदलेपर्यंत मुलीला त्या गाडीत बसवू नका.

तुम्हाला येतो तो वास हायड्रोजन सल्फाइडचा असावा. शिसं आणि सल्फ्युरिक ॲसिडची बॅटरी प्रमाणाबाहेर चार्ज होऊन तापली, किंवा तिचा एखादा सेल निकामी झाला, की हा विषारी वायू सुटतो. थोड्या प्रमाणातही त्यानं डोकं दुखतं, डोळे चुरचुरतात. त्याची खोड अशी की प्रमाण वाढलं की नाक बधिर होतं आणि वास येईनासा होतो. म्हणून ‘आता वास गेला’ यावर कधी विसंबू नका.

वास येणाऱ्या वायूच्या सोबतीनं दुसरा, मुळीच वास नसलेला वायू निघतो. तो हायड्रोजन. बॅटरी पूर्ण भरल्यावरही वीज आत ढकलत राहिलं की ती वीज पाणी फोडू लागते. हिशोब साधा आहे. भरलेल्या १२ व्होल्टच्या बॅटरीत एक अँपियर वीज तासभर जादा गेली, तर सहा सेल मिळून सुमारे पावणेतीन लिटर हायड्रोजन तयार होतो. हवेत हायड्रोजनचं प्रमाण ४ टक्क्यांवर गेलं की ते मिश्रण पेट घेऊ शकतं, आणि ७५ टक्क्यांपर्यंत ते पेटण्याजोगं राहतं. तुमच्या गाडीत बॅटरी डिकीच्या उजव्या बाजूला आच्छादनाखाली बसते. तो कप्पा पन्नास लिटरचा धरला तर त्याचे ४ टक्के म्हणजे दोनच लिटर. प्रत्यक्षात फटींतून बराच वायू निसटतो, म्हणून रोज स्फोट होत नाहीत. पण हायड्रोजन पेटायला लोकरीचा स्वेटर काढताना उडते तेवढी ठिणगीही पुरते, आणि डिकीत दिवा आहे, कुलपाची मोटर आहे, टर्मिनलचा ढिला राहिलेला नट आहे.

बॉनेटखाली बॅटरी असली की हे सगळं वाऱ्यावर जातं. डिकी मात्र प्रवाशांच्या बसण्याच्या जागेला आतून जोडलेली असते. मग बॅटरी तिथं ठेवायचीच कशाला? इंजिनाच्या उष्णतेपासून ती लांब राहते म्हणून जास्त टिकते, आणि वजन पुढच्या-मागच्या चाकांवर सारखं वाटलं जातं. ती तिथं ठेवताना कंपनीनं वायूला बाहेर काढायची वाटही दिलेली असते. तुमच्या मेकॅनिकनं सोडून दिलेली ती वीतभर नळी म्हणजेच ती वाट.

‘मेंटेनन्स फ्री’ या दोन शब्दांनी आपल्याकडं फार गैरसमज पसरवला आहे. त्याचा अर्थ एवढाच की वरून डिस्टिल्ड वॉटर घालावं लागत नाही. वायू तयारच होत नाही, असा तो मुळीच नाही. एजीएम जातीच्या बॅटरीत ॲसिड काचेच्या तंतूंच्या गादीत शोषलेलं असतं आणि तयार झालेला बहुतेक वायू आतल्या आत पुन्हा पाणी होतो. पण तिलाही झडप असते. चार्जिंग बिघडून आतला दाब वाढला की ती झडप उघडते आणि वायू बाहेर येतो. म्हणून एजीएम असली तरी डिकीत नळी हवीच.

झडपेचा विषय निघालाच आहे, तर पाणबुड्यांचं उदाहरण देतो. डिझेलवरच्या पाणबुड्या पाण्याखाली चालतात त्या बहुतेक अशाच, पण प्रचंड, शिसं-ॲसिड बॅटऱ्यांवर, आणि त्यांतला हायड्रोजन मोजत राहणं हे पाणबुडीवरचं रोजचं काम. फेब्रुवारी २०१० मध्ये विशाखापट्टणमला आपल्या नौदलाच्या सिंधुरक्षक या पाणबुडीच्या बॅटरी कक्षात स्फोट होऊन आग लागली आणि एक नौसैनिक गेला. कारण म्हणून पुढं आली ती बॅटरीची सदोष झडप आणि तिच्यातून गळलेला हायड्रोजन. जिथं माणसं चोवीस तास पहारा देतात तिथं हे घडतं. आपल्या डिकीत तर पहारा कुणाचाच नाही.

आता तुमच्या गाडीत नेमकं काय घडलं असावं? या गाडीचा अल्टरनेटर बॅटरीला डोळे झाकून वीज देत नाही. बॅटरी किती क्षमतेची, कोणत्या जातीची, किती जुनी, याची नोंद गाडीच्या संगणकात असते आणि त्याप्रमाणं चार्जिंग ठरतं. तिथं जुन्या मोठ्या एजीएम बॅटरीची नोंद तशीच राहिली आणि जागेवर लहान, साधी बॅटरी आली, तर तिला झेपणार नाही असं चार्जिंग होऊ शकतं. इंजिन चालू असताना मल्टिमीटर लावून बघा. १३.८ ते १४.८ व्होल्टच्या आसपास आकडा असेल तर ठीक. १५ च्या वर टिकून राहत असेल तर अल्टरनेटरचाही दोष असू शकतो, आणि तो न काढता नवी बॅटरी बसवली तर तीही अशीच शिजेल.

बॅटरी निवडताना किंमत सगळ्यात शेवटी बघा. मूळ बॅटरी एजीएम असेल तर एजीएमच घ्या. क्षमता मूळ लेबलवर असेल तेवढीच हवी. या गाड्यांत ७० अँपियर-तासांची (लांबी २७८ मिलिमीटर), ८० ची (३१५) किंवा ९० च्या पुढची (३५३) येते. बॅटरी डीआयएन (जर्मन) मापाचीच घ्या, कारण तिच्या बुडाला बाहेर आलेली कडा असते आणि गाडीतली पकड त्याच कडेवर बसते. जपानी मापाच्या बॅटरीला ती कडा नसते. मग मिस्त्री दोरी नाहीतर रबराचे तुकडे घालून भागवतात, आणि अणशीच्या वळणांवर वीस-बावीस किलोंचा तो ठोकळा डिकीत हलत राहतो. दुकानदाराकडून उत्पादनाचा महिना वाचून घ्या, सहा महिन्यांपेक्षा जुनी घेऊ नका. आणि दुकानातच वरच्या झाकणाच्या दोन्ही टोकांना बोट फिरवून बघा. नळी लावायचं बारीक भोक नसेल तर ती बॅटरी डिकीसाठी नाही. कितीही स्वस्त असली तरी नाही.

भोकं सहसा दोन्ही टोकांना असतात. एकात नळीचा वाकडा जोड (कोपरा) बसतो, दुसऱ्यात बूच. हे बूच विसरलं तर वायू नळीऐवजी तिथूनच डिकीत येतो, आणि ही चूक चांगल्या गॅरेजमध्येही होते. कोपरा नव्या बॅटरीबरोबर बऱ्याचदा मिळत नाही, म्हणून जुनी बॅटरी परत देण्याआधी तिचा काढून घ्या. नळी उताराची हवी, कुठं दुमडलेली नको, आणि तिचं खालचं टोक रबरी बुशातून गाडीच्या तळाबाहेर निघालेलं हवं.

त्या टोकाकडं तुमच्या तालुक्यात जास्त लक्ष द्यावं लागेल. जोयड्याच्या पावसात तांबडा चिखल गाडीच्या पोटाला थापल्यासारखा बसतो आणि वाळला की दगडासारखा होतो. पाऊस संपला की कुंभारीण माशीला असली भोकं घर बांधायला फार आवडतात. वर्षातून दोनदा, मिरगाच्या आधी आणि दिवाळीच्या सुमारास, नळी बॅटरीपासून सोडवून सायकलच्या पंपानं हवा मारा आणि खाली हवा येते का ते हातानं बघा. तोंडानं फुंकू नका, आत ॲसिडचा अंश असतो.

बदलताना आधी ऋण टर्मिनल सोडवायचं, मग धन. बसवताना उलट. धन टर्मिनलवर काही बीएमडब्ल्यूंमध्ये अपघातात केबल तोडणारी छोटी स्फोटक कळ असते, त्यावर हातोडी किंवा पाना आपटू नये. आधी सांडलेलं ॲसिड ट्रेमध्ये दिसलं तर खायचा सोडा टाकून पाण्यानं धुवा, डोळ्यांना चष्मा लावा. पुन्हा कधी बॅटरी बसली तर दुसऱ्या गाडीची केबल डिकीत जोडू नका. बॉनेटखाली त्यासाठी वेगळी टर्मिनलं दिलेली आहेत. शेवटी नव्या बॅटरीची नोंद संगणकात करून घ्या. रामनगरात ते यंत्र मिळालं नाही तर बेळगाव किंवा मडगावची एक फेरी होईल. ती करा.

एक तुम्ही विचारलेलं नाही, तरी सांगतो. गावं लांब म्हणून पेट्रोलचा कॅन डिकीत ठेवायची सवय जंगलपट्ट्यात अनेकांना आहे. या गाडीत तो कधीही नको. कोयता, कुदळ, पहार ठेवत असाल तर टर्मिनलवरचं प्लास्टिकचं झाकण जागेवर आहे ना, ते बघून मगच ठेवा.

प्रश्न : झाड तारेवर पडलं की आमच्याकडं वीज दोन-दोन दिवस येत नाही. म्हणून इन्व्हर्टरसाठी मोठी ट्यूब्युलर बॅटरी घेतली. खोलीत जागा नव्हती, तेव्हा देवघराखालच्या कपाटात ठेवली आहे. चालेल का?
– एक वाचक, गणेशगुडी

उत्तर : नाही. तुमची बॅटरी गाडीच्या बॅटरीपेक्षा मोठी आहे आणि वीज परत आल्यावर तासन् तास चार्ज होते, म्हणजे हायड्रोजनही जास्त. तो हवेपेक्षा चौदा पट हलका, म्हणून सरळ वर चढतो, आणि तुमच्या कपाटाच्या वर समई तेवत असते. बॅटरी आजच पडवीत किंवा जिथं वरच्या बाजूला झरोका आहे अशा जागी, पावसाचे शिंतोडे येणार नाहीत अशी हलवा. हलवण्याआधी इन्व्हर्टर बंद करा, कपाटाची दारं उघडून अर्धा तास जाऊ द्या, आणि तेवढा वेळ समई विझलेलीच राहू द्या.