हृदयरुग्णाच्या उशाशी कोणता आवाज?

अँजिओप्लास्टी किंवा बायपास होऊन माणूस घरी येतो, तेव्हा गोळ्यांची यादी सोबत असते. मीठ-तेल कमी करा, बिडी-तंबाखू सोडा, हेही सांगितलेले असते. आवाजाविषयी मात्र सहसा कोणी बोलत नाही. आपल्या वस्तीतले घर एक-दोन खोल्यांचे. टीव्ही, मिक्सर, भिंतीपलीकडचे भांडण, गल्लीतला स्पीकर, सगळे रुग्णाच्या कानाशीच.

अचानक मोठा आवाज झाला की शरीर सावध होते. नाडी वाढते, रक्तवाहिन्या आवळतात, रक्तदाब चढतो. झोपेतही हे घडते. धडधाकट माणूस ते सोसतो. नुकत्याच दुखावलेल्या हृदयाला तो जादा भार होतो.

संथ, मंद आवाजाने उलट परिणाम होतो का? आरोग्य-संशोधनाचा पडताळा घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेने 2013 मध्ये यावरचे 26 अभ्यास एकत्र तपासले. त्यांत 1,369 रुग्ण होते. संगीत ऐकणाऱ्यांची भीती-काळजी कमी झाली, विशेषतः हार्ट अटॅक येऊन गेलेल्यांची. नाडी आणि वरचा रक्तदाबही थोडा उतरलेला दिसला. पुरावा फार भक्कम नाही, हे त्या अहवालातच म्हटले आहे. म्हणून संगीताने ब्लॉकेज विरघळते असे कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नका. आणखी एक गोष्ट त्यात दिसली: काय ऐकायचे ते रुग्णाने स्वतः निवडले, तर मन अधिक शांत होते.

तेव्हा आधी आजोबांना, आईला विचारा. कोणाला बासरी आवडेल, कोणाला संथ लयीतली वंदना, कोणाला रेडिओवरची जुनी गाणी. ढोलकीच्या ठेक्यावरची भीमगीते अंगात उत्साह भरतात, पण झोपेच्या वेळी ती नकोत. आवाज इतकाच ठेवा की शेजारी बसून हळू बोलले तरी ऐकू यावे. वीस-तीस मिनिटे पुरेत. नंतर बंद करा, कारण शांतताही कामाची आहे. इटलीतील डॉ. लुचियानो बेर्नार्दी यांनी 2006 साली 24 निरोगी माणसांवर प्रयोग केला. संगीताच्या मध्ये दोन मिनिटे थांबल्यावर त्यांची नाडी आणि रक्तदाब संगीत सुरू होण्यापूर्वीपेक्षाही खाली आला.

खरी अडचण गल्लीतल्या आवाजाची. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर लाउडस्पीकर लावता येत नाही. काही ठरावीक दिवशी 12 वाजेपर्यंत सवलत मिळते, आपल्या जयंतीलाही मिळते. पण सवलत कायद्याची असते, हृदयाची नसते. ज्या गल्लीत असा रुग्ण आहे तिथे डीजे पुढे नेऊन लावा, असे मंडळाच्या पोरांना आपणच सांगायला हवे. समजावून सांगितले तर पोरे ऐकतात.

गोळ्या मात्र एक दिवसही चुकवू नका. छातीत दुखले, दम लागला, दरदरून घाम फुटला, तर गाणे लावून वाट पाहत बसू नका. लगेच 108 ला फोन करा.