आमच्या घरी आलेला कागदी पाहुणा



आमच्या चौथीच्या वर्गात 'कागदी पाहुणा' हा उपक्रम चालू आहे. त्याची माहिती मी देत आहे.

जेफ ब्राऊन यांचे एक इंग्रजी पुस्तक 1964 साली निघाले. त्यात स्टॅनली नावाच्या मुलाच्या अंगावर फळा पडतो आणि तो कागदासारखा चपटा होतो. मग आईवडील त्याला पाकिटात घालून टपालाने दूरच्या मित्राकडे पाठवतात. (आपले भित्तीपत्रकही फळ्यावरच आहे, पण तो पक्का ठोकलेला आहे. घाबरू नका!) ही गोष्ट वाचून 1995 साली कॅनडातील डेल ह्युबर्ट या शिक्षकांनी उपक्रम सुरू केला. मुलांनी कागदाचा मुलगा करायचा आणि दुसऱ्या गावच्या शाळेत पाठवायचा. तिथल्या मुलांनी त्याला आपले गाव दाखवायचे व पत्र लिहून परत पाठवायचे.

आमच्याकडे कोकणातल्या एका शाळेतून पाहुणा आला. आम्ही त्याचे नाव 'कागदराव' ठेवले. सोबतच्या पत्रात लिहिले होते, "आम्ही रोज समुद्र पाहतो, पण झाडावरचा कापूस पाहिला नाही. कागदरावला दाखवा." शनिवारी माझी पाळी होती.

शनिवारी सकाळची शाळा असते. शाळा सुटल्यावर मी त्याला घरी नेले. आजी म्हणाली, "पाहुण्याले पाणी तरी इचारलं का वं?" सगळे हसले. मग मी आईसोबत वावरात गेले. आई कापूस वेचत होती. बोंड फुटले की त्यातून पांढरा कापूस बाहेर येतो. कागदरावला मी एका बोंडाजवळ धरले. बोंडाची टोके टोचतात. आईच्या बोटांना किती ओरखडे आहेत ते मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट पाहिले.

दुपारी बाबांबरोबर कापसाच्या गाडीतून हिंगणघाटला गेले. नंबर लागायला वेळ होता, म्हणून बाबांनी लॅम्बटन साहेबांची कबर दाखवली. विल्यम लॅम्बटन यांनी 1802 साली मद्रासजवळून भारताची मोजणी सुरू केली. त्यांचे कोन मोजायचे यंत्र सुमारे अर्धा टन वजनाचे होते. नागपूरकडे जाताना 20 जानेवारी 1823 रोजी ते हिंगणघाटला वारले. एव्हरेस्ट शिखराला ज्यांचे नाव आहे ते जॉर्ज एव्हरेस्ट त्यांचे मदतनीस होते. मी कागदरावला सांगितले, "हेही दुरून आलेले पाहुणे, पण परत गेले नाहीत."

मग जिनिंगमध्ये गेलो. तिथे यंत्रात कापसातून सरकी वेगळी होते. जी उरते ती रुई. 100 किलो कापसातून साधारण 33 ते 35 किलो रुई निघते. रुई दाबून 170 किलोची गाठ बांधतात. सरकीपासून तेल व ढेप होते.

आमच्या कापसात ओलावा मोजायचे यंत्र खुपसले. 11 टक्के आला. 8 टक्क्यांपर्यंत ओलावा चालतो, पुढे भाव कापतात. मागच्या आठवड्यात अवकाळी पाऊस आला होता. बाबा काही बोलले नाहीत. पैसे दोनदा मोजले आणि खिशात ठेवले. येताना दरवेळी आम्ही भजे खातो, त्या दिवशी खाल्ले नाही.

रात्री पत्र लिहायला बसले. कापूस किती छान असतो एवढेच लिहावे असे वाटले. भाव कमी मिळाला हे लिहायची लाज वाटली. मी बाबांना विचारले. ते म्हणाले, "लिही ना, बेटा. पाहुण्यापासून काय लपवाचं? त्यायच्या समुद्रातबी रोज मासे भेटत नसन."

म्हणून मी सगळे लिहिले. शेवटी विचारले, "पाऊस आला की तुमच्याकडे काय होते?" पाकिटात एक बोंड पण ठेवले.

यावरून मला असे समजले की, पाहुण्याला आपले गाव दाखवताना आपल्यालाही ते नीट दिसते. कागदराव सोमवारी टपालाने निघेल. उत्तर आले की याच फळ्यावर लावू.