कुंडीतले ब्रह्मकमळ

आपल्याकडे कुंडीत ब्रह्मकमळ असते ना, ते खरे तर निवडुंग आहे. मूळ मेक्सिकोकडचे. खरे ब्रह्मकमळ हिमालयात उगवते. आपण ज्याला पान म्हणतो ते त्याचे खोड. मोठे पांढरे फूल रात्री उमलते अन् सकाळी मान टाकते. अशा निवडुंगांचे संकर करून लाल, गुलाबी फुलांची झाडेही केली आहेत. ती दिवसा फुलतात.

लावण्याची रीत : वीतभर तुकडा कापून आठवडाभर सावलीत सुकवावा. कोल्हारची काळी माती पाणी धरते, नुसत्या तिच्यात मूळ सडते. म्हणून निम्मी जाड वाळू व थोडे शेणखत मिसळावे. पाणी बेताने घालावे. फुलाला दोन-तीन वर्षे लागतात.

आमच्या झाडाला यंदा पहिली कळी आली आहे. आजीने सगळ्या आळीला सांगून ठेवलंय. त्या रात्री मी जागणार!