काम पुण्याचं, खर्च कामशेतचा

भाचेबाई, नोकरी सोडून घरूनच वेबसाइटी आणि फोटोंची कामं घेणार म्हणालीस, तेव्हा तुझ्या आईनं कपाळाला हात लावला आणि मी चहा टाकायला सांगितला. जन्मभर जुन्या हायवेच्या कडेनं दुकानांच्या पाट्या रंगवल्या मी, एक तारखेचा पगार कधी पाहिला नाही. कमवायचं कसं ते तुला माझ्याहून बरं कळतं. कमावलेलं घरापर्यंत कसं पोचवायचं, तेवढं माझ्याकडून ऐक.

१. कामशेतला राहतेस हीच तुझी सगळ्यांत मोठी बचत — बाणेरला लोक ज्या टेबल-खुर्चीचं महिन्याला भाडं मोजतात, ती आजोबांच्या खोलीत फुकट पडून आहे. पुण्याची दिसायच्या नादात ते वाचलेलं पुण्यात घालवू नकोस.

२. पुण्याच्या सगळ्या भेटी एकाच दिवसात बांध आणि सकाळच्या लोकलनं नीघ — दुपारी लोकल विरळ असतात. परतीची चुकली की शिवाजीनगरला कॉफी पीत बसशील आणि तिकिटाच्या दहापट पैसे तिथेच जातील.

३. आठवड्याला एखादीच खेप असेल तर पास काढू नकोस. मुंबईचं काम निघालं तर लोणावळ्यापर्यंत लोकलनं जा आणि पुढे सिंहगड किंवा इंद्रायणी एक्सप्रेस धर — ‘टॅक्सीचं बिल क्लायंट देईल’ असं तू म्हणतेस, क्लायंट म्हणत नाही.

४. कामाचं खातं वेगळं ठेव — भाजीचे आणि सॉफ्टवेअरचे पैसे एकाच खात्यातून गेले की मार्चमध्ये दोन्ही ओळखू येत नाहीत.

५. पावती मिळाली की तिथल्या तिथे फोटो काढ. थर्मल कागदावरची शाई उडते, आणि आपल्याकडच्या दमट हवेत तर पाहायलाच नको — ‘पावती हरवली, बचत परकी झाली.’

६. एखाद्या सॉफ्टवेअरच्या फुकट महिन्याला नाव नोंदवलंस की त्याच क्षणी कॅलेंडरात बंद करायची तारीख टाक — ‘फुकट महिना, पुढे दमडी राहिना.’ कार्डावरून आपोआप पैसे कापायच्या २४ तास आधी कळवायचं, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. तो मेसेज लग्नाच्या ग्रुपवरच्या शुभेच्छांसारखा न वाचता पुसू नकोस.

७. डोमेन घेताना पहिल्या वर्षाचा भाव बघू नकोस, दुसऱ्या वर्षाचा बघ — पहिला भाव आत बोलावण्यासाठी असतो. आणि क्लायंटचं डोमेन त्याच्याच नावानं, त्याच्याच कार्डावर घे, नाहीतर तो गायब झाल्यावरही नूतनीकरण तूच भरत बसशील.

८. विकत घेण्याआधी मोफत काय मिळतं ते पाहा: इंकस्केप, गिम्प, लिब्रेऑफिस. देवनागरीसाठी मुंबईच्या एक टाइपचे ‘मुक्ता’ आणि ‘बालू’ हे फॉण्ट धंद्याच्या कामालाही मोफत आहेत — चोरीचा फॉण्ट स्वस्त पडतो तो पहिली नोटीस येईपर्यंतच. (बालूचं वळण माझ्या हातासारखं आहे असं मी म्हणणार नाही. पण आहे.)

९. ड्रोन, मोठी लेन्स, दिवे — आधी भाड्यानं आण. एकाच वस्तूचं भाडं तीन कामांत भरलंस तर मग विकत घ्यायचा विचार कर. ‘आधी मापावं, मग मागवावं.’

१०. मे संपायच्या आत अर्थिंग तपासून घे, राउटरला छोटा यूपीएस लाव आणि लेन्स सिलिका जेलच्या पुड्यांसकट घट्ट झाकणाच्या डब्यात ठेव — मावळातला पाऊस चार महिने मुक्कामाला येतो आणि लेन्सवर बुरशी ठेवून जातो. विजा चमकायला लागल्या की प्लग काढायचा, ‘एवढी फाइल सेव्ह करते’ म्हणत बसायचं नाही.

११. गुरुवारी काम द्यायचा वायदा करू नकोस — देखभालीसाठी वीज जायचा तो वार. दुसऱ्या कंपनीचं एक सिम भरलेलं ठेव, ते कधी लागेल ते सांगून येत नाही.

आता वसुलीचं. इथे जरा पाय सोडून बसू, कारण अडकलेलं बिल हाच सगळ्यांत महाग खर्च. आपल्याच पैशाची वाट बघत आपण दुसऱ्याचे उसने घेतो.

१२. निम्मे पैसे आधी घे, ओळखीच्यांकडून तर नक्कीच — अनोळखी माणूस बुडवताना एकदा तरी लाजतो, पाहुणा म्हणतो ‘घरचंच आहे की.’

१३. पॅराग्लायडिंगवाल्यांचं बिल मेअखेरच्या आत वसूल कर. पावसात उडणं बंद आणि गल्लाही बंद. लोणावळ्याच्या हॉटेलवाल्याला मात्र पावसाळ्यातच गाठ, पण मंगळवारी-बुधवारी — शनिवारी तो तुला ओळखतसुद्धा नाही.

१४. पवनेकाठचा कॅम्पवाला ‘पैशांऐवजी दोन रात्री राहा आणि इंद्रायणी तांदळाचं पोतं घेऊन जा’ म्हणेल. आपल्या वडगावच्या भात संशोधन केंद्रातलंच वाण ते, नाही म्हणवत नाही. पोतं घे, बिलही दे — तांदळानं रिचार्ज होत नाही.

१५. उद्यम नोंदणी करून ठेव. सरकारी पोर्टलवर ती मोफत आहे, कुणी फी मागितली तर नमस्कार करून ऊठ. २००६ च्या एमएसएमई कायद्यानं लहान उद्योगाचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि नसेल तर १५ दिवसांत द्यावे लागतात, पुढे चक्रवाढ व्याज — भांडायची वेळ सहसा येत नाही, बिलाच्या तळाशी उद्यम क्रमांक असला की हिशेबनीसाचा आवाज बदलतो.

१६. ‘मागितलं ते आलं, राहिलं ते गेलं.’ मुदत टळली की दुसऱ्याच दिवशी गोड शब्दांत आठवण कर — महिनाभर थांबलीस की मागताना तुलाच संकोच वाटतो.

१७. वसुली झाली, आता कराचं. जीएसटी नंबर हौसेनं काढू नकोस. सेवांना वर्षाला २० लाखांच्या उलाढालीपर्यंत साधारणपणे तो लागत नाही — आणि एकदा काढला की काम नसलेल्या काळाचंही शून्याचं विवरणपत्र भरावं लागतं, चुकलं की दंड.

१८. कंपनीनं फीमधून टीडीएस कापला तर तो तुझ्या पॅनवर जमा झालाय का, हे प्राप्तिकराच्या पोर्टलवर तिमाहीला बघ. ठरावीक व्यवसायांना निम्मी जमा हेच उत्पन्न धरून कर भरायची सोय आहे. तुझं काम त्या यादीत बसतं का, ते सीएला सुरुवातीलाच विचार — एका सल्ल्याची फी वर्षभराच्या वह्यांपेक्षा स्वस्त.

१९. व्यवसाय कराचे २,५०० रुपये ३० जूनच्या आत भर — रक्कम छोटी म्हणून राहून जाते, आणि व्याज राहून जात नाही.

२०. तुझ्या आईला दर महिन्याची जमा सांगू नकोस, वर्षाची सांग — जानेवारीचा आकडा ऐकून ती तुझ्यासाठी स्थळं बघायला लागेल आणि जुलैचा ऐकून देव पाण्यात घालून बसेल.