षष्ठीतलं नाव

प्रश्न : मुंबईला गेलो असताना फाउंटनच्या फुटपाथवर टॉम क्लॅन्सी यांचं 'लाइन ऑफ कंट्रोल' घेतलं. 'ऑप-सेंटर' मालिकेतलं आहे. काश्मीरवरचं म्हणून मुद्दाम उचललं. कॉलेजात असताना त्यांचं 'द हंट फॉर रेड ऑक्टोबर' दोन रात्रींत संपवलं होतं, तीच ओढ मनात होती. पण पन्नास पानांतच वाटायला लागलं की हा माणूस तो नव्हे. मुलाने फोनवर शोधून सांगितलं, "बाबा, हे त्यांनी लिहिलेलंच नाहीये." वर एवढ्या ठसठशीत अक्षरांत नाव आणि आत लेखक दुसराच! ही उघड फसवणूक नाही का? की असं सगळीकडे चालतं आणि मलाच ठाऊक नव्हतं? आणि आता या पुस्तकाचं काय करू? रद्दीत घालू?
— एक वाचक, सांगली

उत्तर : आधी हे सांगतो, की तुमचा कान चांगला आहे. पन्नास पानांत हात बदलल्याचं कळणं सोपं नाही.

'ऑप-सेंटर' ही मालिका १९९५मध्ये सुरू झाली आणि २००५पर्यंत तिची बारा पुस्तकं आली. कल्पना टॉम क्लॅन्सी आणि स्टीव्ह पिचेनिक यांची. पिचेनिक हे मानसोपचारतज्ज्ञ, अमेरिकेच्या परराष्ट्र खात्यात काम केलेले. प्रत्यक्ष कादंबऱ्या लिहिल्या जेफ रोविन यांनी. तुमच्या हातातलं २००१चं पुस्तकही त्यांचंच. या मालिकेत शोधत गेलात तर रोविन यांचं नाव सापडतं, कुठे आभाराच्या ओळीत, कुठे बारीक अक्षरांत. मुखपृष्ठाचा मोठा भाग मात्र क्लॅन्सी यांच्या नावाने व्यापलेला असतो.

आता ते नाव पुन्हा एकदा नीट बघा. तिथे 'टॉम क्लॅन्सी' असं नुसतं लिहिलेलं नाही. नावाला इंग्रजीतला स्वामित्वाचा प्रत्यय जोडलेला आहे, म्हणजे 'टॉम क्लॅन्सी यांचं ऑप-सेंटर'. शाळेत घोकलेल्या विभक्ती आठवा. मुखपृष्ठावर छापलेली असते षष्ठी आणि आपण वाचतो तृतीया. 'यांचं' असं छापलेलं असतं आणि आपल्याला दिसतं 'यांनी लिहिलेलं'. षष्ठी फक्त संबंध सांगते. पाटलांचा वाडा म्हटलं म्हणून तो पाटलांनी स्वतःच्या हातांनी बांधला असं होत नाही. कायद्याच्या भाषेत प्रकाशकाने खोटं काही छापलेलं नाही. पण ग्राहक कुठे चुकेल हे ओळखूनच ती अक्षरं त्या आकारात बसवली जातात, असं माझं स्पष्ट मत आहे. म्हणून तुमच्या पहिल्या प्रश्नाला माझं उत्तर असं, की कायद्याने ही फसवणूक नसेल, पण वाचकाशी केलेला व्यवहार सचोटीचाही नाही.

असं सगळीकडे चालतं का? चालतं, आणि फार जुन्या काळापासून चालतं. 'थ्री मस्केटियर्स' लिहिणाऱ्या अलेक्झांडर ड्यूमा यांच्याबरोबर ऑग्यूस्त माके नावाचे गृहस्थ कथानकं जुळवायचं, इतिहास धुंडाळायचं, कच्चे खर्डे लिहायचं काम करत. पुढे ते कोर्टात गेले. १८५८मध्ये फ्रेंच न्यायालयाने त्यांचा पैशाचा हक्क मान्य केला, पण पुस्तकांवर सहलेखक म्हणून नाव लावायचा हक्क दिला नाही. पॅरिसमधल्या पेर लाशेझ दफनभूमीत माके यांच्या थडग्यावर त्या कादंबऱ्यांची नावं कोरलेली आहेत. मुखपृष्ठावर जे मिळालं नाही ते दगडावर घ्यावं लागलं. हे मला फार लागतं.

तरीही तुमचं दुःख ड्यूमांच्या वाचकांपेक्षा वेगळं आहे असं मी म्हणेन. त्याचं कारण या कादंबरीच्या जातीत आहे.

मेरीलँडमध्ये विम्याचा व्यवसाय करणाऱ्या क्लॅन्सी यांनी 'द हंट फॉर रेड ऑक्टोबर' ही पाणबुडीकथा लिहिली. नजर अधू असल्यामुळे ते कधी सैन्यात जाऊ शकले नव्हते. ती कादंबरी १९८४मध्ये नेव्हल इन्स्टिट्यूट प्रेसने काढली. ही संस्था नौदलाच्या व्यावसायिक विषयांवरची पुस्तकं काढणारी, आणि स्वतःहून छापलेली ही तिची पहिलीच कादंबरी. आगाऊ मानधन पाच हजार डॉलर. अध्यक्ष रेगन यांनी कौतुक केलं आणि पुस्तक हातोहात खपलं. पण लोक खरे अडकले ते त्यातल्या अभ्यासात. पाण्याखाली आवाज कसा प्रवास करतो, सोनारवर कान लावून बसलेला जोन्स हा तरुण काय ऐकतो आणि काय ताडतो, हे लेखक घाई न करता समजावतो. हा माणूस खात्यातला नसून त्याला एवढं कळतं कसं, हा विस्मय वाचकांना होता. 'रेड स्टॉर्म रायझिंग' (१९८६) लिहिताना लॅरी बाँड त्यांच्या जोडीला होते. बाँड हे 'हार्पून' या नौदलयुद्धाच्या खेळाचे रचनाकार. त्या खेळावर लढाया मांडून पाहून मग प्रकरणं लिहिली गेली.

म्हणजे क्लॅन्सी हे नाव या पुस्तकांवर आयएसआयच्या शिक्क्यासारखं होतं. आत जी क्षेपणास्त्रं आणि जे रडार आहेत ते कोणीतरी कष्टाने तपासून घेतलेले आहेत, याची हमी. प्रेमकथेत लेखक बदलला तर भाषा बदलेल. टेक्नो-थ्रिलरमध्ये, म्हणजे अशा तंत्रप्रधान थरारकथेत, लेखक बदलला की खात्री जाते. तुम्ही वाचत होतात काश्मीर, म्हणजे तो प्रदेश, तिथली थंडी, तिथलं सैन्य याबद्दल आपल्याला रोजच्या वर्तमानपत्रातून थोडंफार तरी ठाऊक असलेला मुलूख. तिथे शंका लवकर येते. एकदा ती आली की पुढच्या प्रत्येक पानावर वाचक तपासनीस होऊन बसतो, आणि थ्रिलर काही तपासनिसासाठी लिहिलेला नसतो.

अशी पुस्तकं वाचणाऱ्या कितीतरी लोकांशी मी बोललो आहे. जे 'रेड ऑक्टोबर'पासून आले त्यांना तुमच्यासारखा राग येतो. जे क्लॅन्सींच्या नावाने निघालेल्या व्हिडिओ गेममधून आले त्यांना आपण का चिडतो हेच कळत नाही. त्यांच्या लेखी क्लॅन्सी म्हणजे रात्रीचा अंधार, हिरव्या काचांचा चष्मा आणि गुपचूप चालणारी तुकडी. तो माणूस नाही, एक दुनिया आहे. त्यांचंही चूक नाही. 'यूबिसॉफ्ट' या फ्रेंच गेम कंपनीने २००८मध्ये गेम आणि त्यांच्याशी जोडलेल्या वस्तूंसाठी ते नाव विकतच घेतलं होतं. क्लॅन्सी वारले २०१३मध्ये, म्हणजे आपलं नाव आपल्यापासून सुटून बाजारात स्वतंत्र हिंडताना त्यांनी स्वतः पाहिलं.

तिसरी एक प्रतिक्रिया आहे, ती लोक सहसा बोलून दाखवत नाहीत. ती म्हणजे ओशाळलेपण. मला ते स्वतःला जाणवलं आहे. क्लॅन्सींचं नाव लावलेली 'स्प्लिंटर सेल' ही कादंबरी मी रेल्वेच्या प्रवासात वाचली. आवडली. घरी येऊन मित्राला म्हटलं, म्हातारा अजून फॉर्मात आहे. नंतर कळलं की लेखक म्हणून छापलेले डेव्हिड मायकल्स वेगळे, आणि डेव्हिड मायकल्स नावाचा माणूसच अस्तित्वात नाही! ते टोपणनाव. २००४चं पहिलं पुस्तक आणि त्यानंतरचं दुसरं लिहिलं रेमंड बेन्सन यांनी, ज्यांनी त्याआधी जेम्स बाँडच्या कादंबऱ्या लिहिल्या होत्या. पुढची ग्रँट ब्लॅकवूड यांनी, त्यानंतरची पीटर टेलेप यांनी. एका नावाखाली दुसरं नाव आणि त्या नावाखाली माणसं बदलत राहिलेली. मित्रापुढे उच्चारलेलं ते वाक्य मला कितीतरी दिवस टोचत होतं. आपल्याला लेखक कळतो हा वाचकाचा मोठा अभिमान असतो, आणि अशा पुस्तकात धक्का बसतो तो नेमका त्यालाच. पैसे गेल्याची खंत त्यामानाने काहीच नाही.

या रागाचा भार मात्र चुकीच्या माणसावर पडतो. पुस्तक फसलं की वाचक म्हणतात, भाड्याच्या लेखकाने वाट लावली. पुस्तक जमलं की म्हणतात, वा, क्लॅन्सी! रोविन यांचंच बघा. चित्रकथांचं संपादन, सुपरहिरोंचा कोश, व्हिडिओ गेम जिंकायचे कसे याची पुस्तकं, असं सगळं लिहून जगलेला हा लेखणीचा कामकरी माणूस. ठरलेल्या मुदतीत, दुसऱ्याने आखलेल्या चौकटीत, दुसऱ्याच्या नावाला शोभेल असं लिहायचं हे काम कमी प्रतीचं समजणं मला मान्य नाही. ते वेगळं काम आहे. त्याला क्लॅन्सींच्या तराजूत तोलायची वेळ आणली ती मुखपृष्ठाने.

ब्लॅकवूड आणि टेलेप यांची नावं पुढे क्लॅन्सींच्याच कादंबऱ्यांवर सहलेखक म्हणून उघड छापली गेली, २०१०मध्ये 'डेड ऑर अलाइव्ह'वर आणि २०११मध्ये 'अगेन्स्ट ऑल एनिमीज'वर. मार्क ग्रीनी तर क्लॅन्सींबरोबर तीन कादंबऱ्या लिहून त्यांच्या मृत्यूनंतर क्लॅन्सींचा नायक जॅक रायन याची गोष्ट पुढे नेणारे लेखक झाले. ग्रीनींना वाचकांनी आपलंसं केलं. त्यांची पुस्तकं चांगली आहेत हे एक कारण. कोण लिहितंय हे वाचकाला आधी ठाऊक होतं, हे दुसरं, आणि माझ्या मते मोठं कारण. सांगून दिलेलं वाचक स्वीकारतो.

या बाबतीत मराठी पुस्तकांची एक रीत मला मोलाची वाटते. एखादा कलावंत, खेळाडू किंवा कार्यकर्ता आत्मचरित्र सांगतो आणि दुसरं कोणीतरी ते लिहितं, तेव्हा शीर्षकपानावर 'शब्दांकन' असा शब्द आणि पुढे त्या लिहिणाऱ्याचं नाव येतं. सगळीकडे पाळली जाते असं नाही, पण शब्द आपल्याकडे रुळलेला आहे. सांगणारा एक, लिहिणारा दुसरा, आणि त्यात लपवण्यासारखं काही नाही. आपला १९५७चा कॉपीराइट कायदाही हेच वेगळ्या वाटेने सांगतो. त्याच्या कलम ५७नुसार लेखकाने सगळे हक्क विकले तरी 'हे मी लिहिलं' असं म्हणण्याचा त्याचा हक्क शिल्लक राहतो. अमेरिकेत कराराने करवून घेतलेल्या अशा कामात बऱ्याचदा करवून घेणाराच कायद्याने लेखक ठरतो. हा फरक लहान नाही.

पुस्तक रद्दीत घालू नका. पहिलं पान उघडा, पेन्सिलीने 'लेखक : जेफ रोविन' असं लिहा आणि पुन्हा पहिल्यापासून वाचा. सोनारची प्रकरणं शोधू नका, ती तिथे नाहीत. छोटी प्रकरणं, झपाट्याने बदलणारी ठिकाणं, खोलीत बसून निर्णय घेणारी माणसं, असं हे लेखन आहे. नाही आवडलं तर नाही. पण या वेळी नावड तरी योग्य माणसाच्या खात्यावर जाईल. आणि मुलाला 'रेड ऑक्टोबर' द्या.

प्रश्न : ॲलिस्टर मॅक्लीन यांच्या कादंबऱ्या मी मराठी अनुवादातून वाचल्या. ते १९८७मध्ये गेले, तरी त्यानंतरची पुस्तकंही त्यांच्या नावाने दिसतात. ती त्यांनी लिहून ठेवली होती का?
— एक वाचक, मडगाव

उत्तर : पूर्ण कादंबऱ्या नाही, आराखडे. टीव्हीसाठी त्यांनी कथांचे आराखडे करून ठेवले होते, त्यांवरून इतरांनी कादंबऱ्या बेतल्या. याची सुरुवात त्यांच्या हयातीतच झाली. 'होस्टेज टॉवर' (१९८०) 'जॉन डेनिस' या नावाने आली, आणि हे नाव दोन लेखकांनी मिळून घेतलेलं होतं. मृत्यूनंतरची बरीच पुस्तकं ॲलस्टेअर मॅक्नील यांची, 'डेथ ट्रेन' (१९८९) हे त्यांतलंच. आडनावाच्या सुरुवातीचा 'मॅक्' आणि जवळपास सारखं पहिलं नाव यामुळे दुकानात घाईत पाहिलं तर गल्लत होतेच. रॉबर्ट लडलम २००१मध्ये वारल्यावर त्यांचा जेसन बोर्न एरिक व्हॅन लस्टबेडर यांनी २००४पासून पुढे चालवला, तिथेही लडलम यांचं नाव असंच षष्ठीत आहे.

मराठी अनुवाद घेताना आतल्या पानावर मूळ इंग्रजी पुस्तकाचं नाव आणि वर्ष दिलेलं असतं, तेवढं पाहा. वर्ष १९८० किंवा त्यापुढचं असेल तर मूळ लेखक कोण ते त्याच पानावर शोधा. 'गन्स ऑफ नॅव्हरोन' १९५७चं आहे, आणि ते सगळंच्या सगळं मॅक्लीन यांनी लिहिलेलं आहे.