काट्याला पट्टी, वजनाला हवा

इलेक्ट्रिक बाईकच्या टायरमध्ये पंक्चर वाचवणारी पट्टी किंवा फोमचं कडं बसवून दिलं, की विकणाऱ्याचं पुढचं वाक्य ठरलेलं असतं : "आता हवेचं टेन्शन नाही, थोडी कमीच ठेवा, गाडी मऊ चालेल." माझा राग या वाक्यावर आहे आणि तो अजून उतरलेला नाही, हे आधीच सांगून टाकतो. पट्टीवर माझा राग नाही, फोमवरही नाही. आमच्या बुलढाणा जिल्ह्यातल्या सुलतानपूरसारख्या गावात पांदणीच्या दोन्ही अंगांना बाभळी आणि वेड्या बाभळी असतात, तूर-पऱ्हाटी निघाली की रानात खुंट उभे राहतात. ज्याला रोज शेतात जायचं आहे त्यानं टायरमध्ये काहीतरी बसवणं शहाणपणाचंच. पण पट्टी काटा अडवते आणि हवा वजन उचलते. ही दोन कामं वेगळी आहेत. एकाची सोय झाली म्हणून दुसऱ्यात कपात करा, असं सांगणारा गिऱ्हाइकाच्या पैशानं प्रयोग करत असतो.

हिशेब अगदी साधा आहे, शाळेतल्या विज्ञानाचा. टायर जमिनीला जेवढ्या जागेत टेकतो ती जागा गुणिले आतला दाब म्हणजे साधारण त्या चाकावरचं वजन. टायरच्या भिंतींचा ताठरपणा थोडा हातभार लावतो, तो इथे बाजूला ठेवू. मागच्या चाकावर १०० किलो भार असेल आणि हवा ३६ पाउंड असेल, तर टायर सुमारे ४० चौरस सेंटिमीटर टेकतो. हवा २४ केली तर तोच टायर सुमारे ६० चौरस सेंटिमीटर टेकणार. हवा एक तृतीयांश कमी, टेकणारी जागा दीडपट. ही वाढलेली जागा फुकट येत नाही. टायर खाली बसतो, त्याच्या भिंती प्रत्येक फेऱ्यात जास्त दुमडतात, रबर तापतं आणि बॅटरीतली वीज ते दुमडणं-सरळ होणं यात खर्च होते. पेट्रोलच्या गाडीत हे महिनाअखेरीला कळतं, इलेक्ट्रिक गाडीत घरी पोचायच्या आधी कळतं. मग बॅटरीला शिव्या बसतात. बॅटरीवाला म्हणतो कंट्रोलर बघा, कंट्रोलरवाला म्हणतो बॅटरी बघा. हवा मोजायचं कुणाच्याच डोक्यात येत नाही, कारण "हवेचं टेन्शन नाही" हे एकदा ठरलेलं असतं.

हा कमी हवेचा सल्ला आला कुठून, हेही पाहायला हवं. तो पूर्ण खोटा नाही, चुकीच्या पत्त्यावर आला आहे. टायरच्या आत फोमचं कडं घालायची कल्पना गाजली ती डोंगरउतारावरच्या सायकल शर्यतींत. तिथे सायकल हलकी, वर एकच माणूस, टायर ट्यूबलेस आणि खाली खडक. पकड वाढावी म्हणून शर्यतवाल्याला हवा कमीच ठेवायची असते, आणि तसं केल्यावर रिंग दगडावर आपटू नये म्हणून तो फोम घालतो. आपल्याकडची गाडी वेगळी आहे. बॅटरी, मोटार, पुढे माणूस, मागे बायको-पोरगं, पायाशी खताचं पोतं किंवा दुधाचा कॅन. बहुतेक ई-सायकलींत आणि स्वस्त स्कूटरांत मोटार मागच्या चाकाच्या तुंब्यातच असते, म्हणजे आधीच मागं झुकलेला भार आणखी मागं. शर्यतीतला सल्ला या गाडीला लावणं म्हणजे पैलवानाचा खुराक आजाऱ्याला देणं.

आता जे बसवतात ते तरी एकच आहे का? दुकानात सगळ्याला "पंक्चर-प्रूफ" म्हणतात आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो. जुन्या टायरचा तुकडा कापून आत ठेवायचा गेटर आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. ट्यूब आणि टायर यांच्यामध्ये बसणारी प्लास्टिकची पातळ पट्टी हा त्याचाच सुधारलेला भाऊ. ती हवेची जागा जवळजवळ घेत नाही, म्हणून तिच्यामुळे हवेचा आकडा बदलायचं काहीच कारण नाही. कंपनीनं जो सांगितला तोच. उलट हवा कमी ठेवली की टायर सारखा दुमडतो, पट्टी आत सरकते आणि तिची कड ट्यूबवर घासत राहते. काट्यापासून वाचवायला आणलेली वस्तूच ट्यूब कापते, आणि भोक पट्टीच्या कडेवर बरोब्बर रेषेत सापडलं तरी दुकानदार म्हणतो, "काटा लागला असेल." काट्याचं भोक आणि घासून झालेलं भोक यातला फरक पंक्चर काढणारा कुठलाही पोरगा सांगेल. जाड फोमचं प्रकरण वेगळं. तो हवेची जागा खातो, आतली ट्यूब लहान लागते, आणि हवा कमी मावत असल्यामुळे पंपाच्या चार दांड्यांत आकडा भराभर चढतो. तसाच भराभर उतरतोही. तेवढीच हवा गळली तरी लहान ट्यूबमधला दाब मोठ्या ट्यूबपेक्षा जास्त पडतो. म्हणजे फोम घातल्यावर हवा जास्त वेळा तपासावी लागते. विकणारा नेमकं उलट सांगतो.

माझ्या मते सगळ्यात घातक गोष्ट ही आहे. साध्या टायरची हवा गेली तर हँडल डगमगतं, गाडी बसते, माणूस थांबतो. फोम असला की अर्धी हवा गेली तरी गाडी चालत राहते, आणि चालत राहते म्हणून ठीक आहे असं वाटतं. धोक्याची सूचना देणारी गोष्टच आपण पैसे देऊन बंद करून घेतो. चारचाकी मोटारींच्या बाबतीत सरकारला हे कळलेलं आहे. २०२० च्या जुलैमध्ये केंद्रीय मोटार वाहन नियम बदलले आणि ट्यूबलेस टायरच्या मोटारींना स्टेपनीची सक्ती उरली नाही, पण अट अशी की पंक्चर दुरुस्तीचा संच आणि हवेचा दाब सतत दाखवणारी यंत्रणा गाडीत असली पाहिजे. पंक्चरपासून सोय हवी तर दाबावर नजर हवी, असा तो जोडीचा विचार आहे. दुचाकीला आपण त्यातली एकच बाजू उचलली. आमच्या जिल्ह्यातून समृद्धी महामार्ग गेला, तिथे अपघात झाल्यावर टायरांवर बरीच चर्चा झाली. पण समृद्धीवर दुचाकीला बंदी आहे, त्यामुळे ती चर्चाही चारचाकीपुरतीच राहिली. मेहकर-लोणार रस्त्यावर डबल सीट जाणाऱ्याच्या टायरबद्दल बोलायला कुणाला वेळ आहे?

यावर लोक काय म्हणतात ते मला पाठ आहे. पहिलं : फोम आत आहे म्हणजे थोडं वजन तोही उचलणारच. उचलतो, पण कधी? ट्यूबलेस टायरमधला कड्यासारखा फोम रिंगला चिकटून असतो, टायर खोल दबेपर्यंत त्याचा जमिनीच्या भाराशी संबंधच येत नाही. आणि ट्यूबभोवती गुंडाळणारा फोम ट्यूबचा दाब नुसता पुढे पोचवतो. ट्यूबमध्ये दाब नसेल तर तो काय पोचवणार? दुसरं म्हणणं : पावसाळ्यात रानात कमी हवेनं पकड मिळते. खरं आहे, मऊ जमिनीवर मिळते. पण तीच गाडी अर्ध्या तासानं डांबरावर येते, आणि आमच्या काळ्या मातीत गाडी अडते ती मडगार्डमध्ये चिखल भरून, तिथे पाउंडांचा हिशेब चालत नाही. तिसरं म्हणणं उलट्या टोकाचं : मग ठासून भरा, भानगड नको. हेही चूक. ट्यूब आणि टायर यांच्यामधला फोम जास्त दाबानं चेपून पातळ होतो, म्हणजे ज्या जाडीसाठी पैसे दिले तीच कमी होते. शिवाय प्रत्येक खड्ड्याचा दणका स्पोक, बॅटरीचे बोल्ट आणि वायरांचे जोड यांच्यावर जातो. टायरच्या बाजूवर छापलेला मोठा आकडा ही कमाल मर्यादा असते. तो भरायचा आकडा समजून हवा मारणारे कमी नाहीत.

मग किती ठेवायची? सुरुवात गाडीच्या स्टिकरवरून किंवा पुस्तिकेवरून, आणि बहुतेक ठिकाणी एकटा आणि डबल सीट असे दोन आकडे दिलेले असतात. २५० वॅट आणि ताशी २५ किलोमीटरच्या आतल्या, नोंदणी न लागणाऱ्या स्वस्त गाड्यांना पुष्कळदा धड पुस्तिकाच मिळत नाही. त्यांनी अडत्याच्या वजनकाट्यावर मागचं चाक ठेवावं, पुढचं चाक विटेवर तेवढ्याच उंचीला, आणि रोज जसं बसता तसं सामानासकट बसून आकडा वाचावा. त्या वजनाला कुठला दाब लागतो हे टायर बनवणाऱ्या कंपनीच्या तक्त्यात पाहावं किंवा अधिकृत सर्व्हिस सेंटरला विचारावं. पातळ पट्टी असेल तर तो आकडा जसाच्या तसा. फोम असेल तर त्या आकड्यापासून सुरू करून दोन-दोन पाउंडांनी कमी-जास्त करून पाहावं आणि फोम बनवणाऱ्यानं छापलेली किमान मर्यादा कधी मोडू नये. हवा सकाळी, गाडी काढायच्या आधी मोजावी. ३० पाउंडांचा टायर २५ अंशांवरून ५५ अंशांना तापला तर जवळपास ३४-३५ दाखवतो. एप्रिलच्या दुपारी कॉम्प्रेसरवाल्यानं "जास्त आहे" म्हणून सोडलेली हवा दुसऱ्या दिवशी सकाळी कमी भरते. मीटर आपला ठेवावा आणि एकच ठेवावा, कारण दोन मीटर सहसा एक आकडा दाखवत नाहीत. नवा फोम सुरुवातीला दबून बसतो, म्हणून काही आठवड्यांनी पुन्हा सगळं तपासावं. व्हॉल्व्ह तिरका दिसला तर समजावं की हवा कमी आहे आणि मोटारीच्या जोरानं टायर रिंगवर सरकतो आहे. तसंच चालवलं तर ट्यूब व्हॉल्व्हच्या बुडाशी फाटते, आणि ती ठिगळ लावून दुरुस्त होत नाही. टायर दोन्ही कडांना झिजला तर हवा कमी, मध्ये झिजला तर जास्त. बाकी गाडी जपून चालवा, खड्डे चुकवा, हे काय सांगायचं.

काटा कुठला हेही पाहावं. सराट्याचा काटा सेंटिमीटरपेक्षा लहान असतो, त्याला पातळ पट्टी पुरते. बाभळीचा काटा दोन इंचांचाही असतो आणि टायरच्या बाजूनं घुसला तर पट्टी त्याच्या वाटेतच येत नाही. आणि पंक्चर झालंच, तर तुंब्यात मोटार असलेलं चाक रस्त्यात काढणं म्हणजे वायर सोडवा, नट सोडवा, वॉशर कुठल्या बाजूचा ते लक्षात ठेवा. गावातला पंक्चरवाला हात लावायला कां-कूं करतो, त्यात त्याची चूक नाही. मोटारीचा धंदा करणाऱ्यांनी त्याला कधी काही शिकवलेलंच नाही.

विकणाऱ्याकडून मात्र एक गोष्ट करून घ्यावी. पट्टी किंवा फोम बसवल्यावर पुढच्या चाकात किती, मागच्या चाकात किती, एकट्याला किती, डबल सीटला किती, हे बिलावर लिहून मागावं. तोंडी "कमीच ठेवा" चालणार नाही म्हणावं. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याच्या ८४ व्या कलमानुसार, योग्य वापराच्या पुरेशा सूचना किंवा इशारा दिला नाही आणि त्यातून नुकसान झालं, तर वस्तू बनवणारा जबाबदार धरला जाऊ शकतो. विकणाऱ्याच्या जबाबदारीचं कलमही त्याच प्रकरणात आहे. आमचा जिल्हा ग्राहक आयोग बुलढाण्याला आहे. आकडा लिहायला सांगितल्यावर जो पेन शोधायला लागतो आणि त्याला पेन सापडतच नाही, त्याच्याकडून काहीही बसवून घेऊ नये.